आईने टाकलेला शब्द

जेवताना पाय हलवू नयेत, असं आई म्हणायची, आणि माझे पाय मुद्दाम ऐकत नसत. वेस्ट विंडसरचं आमचं घर स्टेशनच्या जवळ होतं. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे सकाळपासून ऐकू यायचे, आणि प्रत्येक भोंग्याला मला वाटायचं की जग कुठेतरी निघालंय आणि आपण इथे वरणभात कालवत बसलोय. बाबा औषधांच्या कंपनीत संशोधक होते. घरी ते मोजकं बोलायचे, तेही बहुतेक मीठ मागायला. त्याची भरपाई आई करायची. ती यवतमाळची, चार बहिणींतली मधली, बायकांनी गजबजलेल्या घरातून थेट या शांत रस्त्यावर येऊन पडलेली. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा तडतडाट आणि या सगळ्याच्या वर फोनवर चाललेला तिचा आवाज, असं आमचं घर वाजत असायचं. मी परीक्षेत नापास झाले तरी ते न्यू जर्सीतल्या सगळ्या काकूंना माझ्या आधी कळायचं.

या काकू शनिवारी कोणा ना कोणाच्या बेसमेंटमध्ये जमत. मुलं वरच्या मजल्यावर इंग्रजीत भांडत, पुरुष व्हिसा आणि घरांच्या किमती बोलत, आणि बायका खाली पुऱ्या लाटत. मी रंगाने बाबांवर गेलेली, म्हणजे चांगली काळीसावळी. देशपांडे काकू मला बघितलं की हळद आणि साय सुचवायच्या, आणि ट्रेंटनच्या बाजूने गाडी नेताना दारं लॉक करून घ्या, तिकडे काळ्यांची वस्ती आहे, असंही त्याच श्वासात सांगायच्या. या दोन वाक्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं, आणि त्या बेसमेंटमधून पळून जावंसं वाटायचं. आई गप्प बसायची, एरवी कधी न बसणारी. घरी आल्यावर माझ्या हातात ती साय द्यायची नाही, एवढं मात्र खरं.

कॉलेजसाठी मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या ठिकाणी गेले. डोंगरांमधलं गाव, सगळीकडे विद्यापीठ, आणि भारतीय दुकान म्हणजे एक फळी मसाल्यांची. तिथे मला रूममेट मिळाली डेनिस, नेमकी ट्रेंटनची. उंच, सावकाश बोलणारी, आणि माझ्या अखंड चुळबुळीला पहिल्या आठवड्यातच वैतागलेली. आमचं जमलं ते भेंडीवरून. तिच्या घरून आलेल्या डब्यात भेंडी होती, टोमॅटोत शिजवलेली, बुळबुळीत. मी तिला आईसारखी कोरडी, मोहरीच्या फोडणीची करून घातली. मग चवळी निघाली. आमच्याकडे उसळ, त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शकुनाची. मी घरच्या आठवणीने कधी रडले नाही, पण चवळी शिजताना येणारा तो वास आला की स्वयंपाकघरातून हलायचे नाही. डेनिस म्हणायची, तू फक्त तेवढ्यापुरतीच एका जागी उभी राहतेस.

दुसऱ्या वर्षी डेनिस हळूहळू दिसेनाशी झाली. खोलीत असायची, पण नसायची. विचारलं की अभ्यास आहे म्हणायची. मला वाटलं, मुलगा असेल. मग एका दुपारी लायब्ररीसमोरच्या चौकात गर्दी जमली म्हणून मी घुसले, तर आठ-दहा मुली एकीच्या मागे एक अशा चिकटून उभ्या, मोरपंखी कपडे, तोंडावर चंदेरी मुखवटे. एकीने हाक दिली आणि सगळ्यांचे पाय एकदम फरशीवर आदळले. टाळ्या, मांड्यांवर थापा, पुन्हा पाय. ढोल नाही, पेटी नाही, नुसत्या अंगाने वाजवलेला ताल. मंगळागौरीत आई आणि तिच्या मैत्रिणी झिम्मा खेळायच्या तेव्हा घराची लाकडी जमीनपण अशीच हलायची, पण त्या हसत खेळायच्या; या मुली हसत नव्हत्या. मग एकेकीने मुखवटा काढला, नाव सांगितलं, आणि चौथी डेनिस निघाली. ती एका सोरॉरिटीत दाखल झाली होती. काळ्या मुलींना दुसरीकडे कुठे दारात उभं करत नसत, त्या काळात काही जणींनी उभी केलेली भगिनींची संघटना. एकदा गेलात की मरेपर्यंत तिच्यात. बरोबर दाखल होणाऱ्या मुलींच्या तुकडीला लाइन म्हणतात, आणि लाइनमधली मुलगी मुखवटा काढेपर्यंत कोणाला काही सांगत नाही. डेनिस माझ्या शेजारच्या पलंगावर झोपत होती आणि मला पत्ता नव्हता. राग यायला हवा होता. मला आला तो हेवा, इतका की त्या रात्री पाय थांबेनात.

मला ते हवं होतं. का हवं होतं, हे मी आज इतक्या वर्षांनी नीटनेटकं सांगू शकते, तेव्हा येत नव्हतं. मागायचं तर मुळीच नसतं. तो तिथला पहिला नियम. आवड असेल तर काम करा, दिसत राहा, तोंड बंद ठेवा. त्या मुली शनिवारी लहान मुलांना वाचायला शिकवायच्या, म्हाताऱ्यांना मतदानाची नावनोंदणी करायला न्यायच्या; मी जात राहिले. मी खुर्च्या मांडल्या, बस चुकली की चालत गेले, कोणी आभार मानले नाहीत, कोणी जा म्हटलं नाही. असं वर्ष गेलं. एकदा भांडी घासताना डेनिसने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला आमच्यात यायचं असेल तर का, ते आधी स्वतःला विचार. आमचं दुःख बघायला पाहुणी म्हणून येणार असशील तर नको येऊस." मी ताटं पुसत राहिले. तो प्रश्न अजून जुना झालेला नाही. आजही एखादी नवी मुलगी माझ्याकडे बघते आणि ही बाई इथे कशी, हे तिच्या डोळ्यांत दिसतं, आणि मला वाटतं, बरं आहे, दिसलंच पाहिजे. ज्या दिवशी मला त्याचं काही वाटणार नाही, त्या दिवशी मी नुसती पाहुणी उरेन.

सुट्टीला आम्हांला न्यायला डेनिसची आई यायची, मिसेस व्हिटेकर. शाळेत मुख्याध्यापिका, ताठ पाठ, आणि बोलताना समोरच्याच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करणारी नजर. स्वतः त्याच सोरॉरिटीत, तरुणपणापासून. त्या मला आधी घरी सोडून पुढे ट्रेंटनला जायच्या, आणि आई दारातून कोणाला उपाशी जाऊ देणं शक्यच नव्हतं. मिसेस व्हिटेकर आमच्या टेबलाशी बसून चवळीची उसळ खात आणि आई तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना यवतमाळच्या चारही बहिणींची हकीकत सांगे. एकदा त्यांनी आम्हां तिघांना जेवायला बोलावलं. आईने देशपांडे काकूंना न विचारता जायचं ठरवलं, आणि दारं लॉक न करता गेली. त्यांच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता, पांढऱ्या कपड्यांतल्या तीस-चाळीस बायका, मध्ये तरुण मिसेस व्हिटेकर. आई त्याच्यासमोर किती वेळ उभी होती. या सगळ्या तुमच्या कोण, असं तिने विचारलं. बहिणी, असं उत्तर आलं. आईने पुन्हा फोटोकडे बघितलं आणि गाडीत बसल्यावर ट्रेंटन ते वेस्ट विंडसर ती चक्क काही बोलली नाही.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मी अर्ज केला. आत असलेल्या एका ज्येष्ठ बाईला तुमच्यासाठी उभं राहावं लागतं. माझ्यासाठी मिसेस व्हिटेकर उभ्या राहणार होत्या. मला हे डेनिसने सांगितलं आणि वर म्हणाली, आता विसरून जा, जणू तू काही केलंच नाहीस. मला विसरायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगणं. मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचे, फोन वाजला की दचकायचे, न वाजला की जास्त. समारंभासाठी साधा पांढरा ड्रेस लागेल असा अंदाज होता, म्हणून सुट्टीत मी तो घेऊन घरच्या कपाटात मागे लटकवून ठेवला होता. तो आईला सापडला.

पांढरा ड्रेस, मुलीच्या कपाटात, लपवलेला. आईने सरळ हिशेब केला: ही चर्चमध्ये लग्न करतेय. बाबांना तिने प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं, जे ती आजारपणातही करत नसे. बाबांनी ड्रेस उलटसुलट करून पाहिला आणि एवढ्या स्वस्तात लग्न होत नसतं असं म्हणून ते परत कामाला गेले. मी काय सांगणार? हो म्हणता येईना, दुसरं काही सांगता येईना. लग्न नाही, आई, शपथ, प्लीज विचारू नकोस, एवढंच म्हणत राहिले. ती रडली, चिडली, मग एकदम थांबली. तिच्या डोळ्यांसमोर तो भिंतीवरचा फोटो आला असणार, कारण तिचा चेहराच बदलला. तिने ड्रेस पुन्हा हँगरला लावला, खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली, आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. मला वाटलं, वादळ गेलं. आई गप्प असली की काहीतरी शिजत असतं, हे मला तोवर कळायला हवं होतं.

मी कॉलेजला परतले आणि आईने बेसन भाजायला घेतलं. तिच्या हिशेबात यात वावगं काहीच नव्हतं. यवतमाळला कोणाला शाळेत प्रवेश हवा असो, नोकरी हवी असो की मुलीला चांगलं स्थळ, कोणीतरी वडीलधारं माणूस उठायचं, चांगली साडी नेसायचं, हातात काहीतरी गोड घ्यायचं आणि योग्य घरी जाऊन शब्द टाकायचं. रिकाम्या हाताने जाणं म्हणजे अपमान, आणि न जाणं म्हणजे मुलीची आई मेली की काय. अमेरिकेत आल्यापासून माझ्यासाठी शब्द टाकायला तिला एकही घर मिळालं नव्हतं. आता मिळालं. ती एकटी हायवेवर कधी गाडी चालवत नसे, पण त्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून ती ट्रेंटनला गेली. बाबांनासुद्धा सांगितलं नाही.

आठवड्याभरात डेनिस कॉलेजातल्या आमच्या स्वयंपाकघरात आली आणि खुर्ची न ओढता उभीच राहिली. तिच्या आईने माझ्यासाठी उभं राहायचं रद्द केलं होतं. त्यामुळे माझा अर्ज तिथेच संपला. मी विचारलं, मी काय केलं? ती म्हणाली, तू काही नाही. संध्याकाळी मिसेस व्हिटेकरांचाच फोन आला. त्या मला कधी नीला म्हणत नसत, पूर्ण नीलिमा म्हणत. त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी कोणी कुठे शब्द टाकत नव्हतं, नीलिमा. म्हणून आम्ही असं घर बांधलं जिथे शब्द टाकून कोणी आत येत नाही. तुझी आई मला विचारायला आली. आता मी तुझ्यासाठी उभी राहिले तर ते तिच्यासाठी उभं राहिल्यासारखं होईल." मी म्हटलं, तिला काही माहीत नव्हतं हो. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मग म्हणाल्या, "ती काय म्हणाली ते ऐक. ती म्हणाली, मला इकडे बहीण नाही. मी गेल्यावर हिलाही कोणी नसणार. तुम्ही खूप जणी आहात, एक जास्त घ्या." त्या पुढे म्हणाल्या की पुढच्या वर्षी हवं असेल तर पुन्हा अर्ज कर, आणि लाडू फार चांगले होते.

वसंतात नव्या लाइनचा शो झाला. मी गर्दीत मागे उभी होते. आईवरचा राग मी दोन महिने जपला. ती फोन करायची, कामात आहे असं मी म्हणायचे. तिला तोवर मिसेस व्हिटेकरांनी स्वतः घरी येऊन सगळं समजावलं होतं, काय केलंस आणि त्याने काय झालं. त्या गेल्यानंतर आई दिवसभर झोपून राहिली, असं बाबांनी कळवलं. शेवटी मी घरी गेले तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "मी काय वाईट करून राहिली होती?" ती म्हणाली. "चोरी केली का कोणाची?" मी खूप बोलले. इंग्रजीत बोलले, म्हणजे लागेल असं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं. आम्ही दोघी त्या दिवशी जेवलो, पण एकमेकींकडे बघून नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा अर्ज केला. या वेळी माझ्यासाठी दुसऱ्या एक बाई उभ्या राहिल्या. वर्षभर मुलांना शिकवताना त्यांनी मला पाहिलं होतं. आईला मी काही सांगितलं नाही, पण तिला ऋतू कळत होता. दर रविवारी तिचा फोन यायचा. ती बर्फाबद्दल बोलायची, न्हाणीघराच्या गळक्या नळाबद्दल, देशपांडे काकूंच्या गुडघ्याबद्दल. मध्येच म्हणायची, "आणि ते तुझं..." आणि थांबायची. मग म्हणायची, भात खातेस ना वेळेवर. तिने विचारावं म्हणून मी तडफडायचे आणि विचारेल म्हणून घाबरायचे. एकदा बाबांनी तिच्या हातून फोन घेतला. ते म्हणाले, ही इथे हॉलमध्ये चकरा मारते, कार्पेट झिजेल, पण तू काही सांगू नकोस. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब वाक्य असेल. मी लाइनमध्ये गेले, लाइनमध्ये काय झालं ते इथे लिहिणार नाही, आणि तिने त्या सगळ्या काळात एकदाही विचारलं नाही. माझ्या रिझल्टची बातमी गावभर करणारी बाई ती. तिला ते किती जड गेलं असेल, हे मला स्वतःच्या मुली झाल्यावर समजलं.

आता मी स्वतः नव्या मुलींचे अर्ज पाहते. दर वर्षी कोणीतरी आई फोन करते, गोड बोलते, केक पाठवू का विचारते. मी नियम सांगते आणि फोन ठेवते. ठेवल्यावर बराच वेळ खोलीत फिरत राहते, कामाला हात लागत नाही.

आमचा शो झाला तेव्हा ढग आले होते आणि फरशी ओली होती. आई, बाबा आणि मिसेस व्हिटेकर एकाच गाडीतून आले होते, हे मला नंतर कळलं. मुखवट्याच्या आतून फक्त समोरचीचा खांदा दिसतो. ताल सुरू झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय जिथे पडायला हवेत तिथेच पडत होते. माझी पाळी आली. मी मुखवटा काढला, नाव सांगितलं, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आणि आवाज फाटला. गर्दी ओरडली. आई दिसली ती मिसेस व्हिटेकरांच्या शेजारी, पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला, एक शब्द न बोलता.

नंतर गर्दी पांगल्यावर ती माझ्यापर्यंत आली. माझ्या गळ्यात पडली नाही. माझ्या घामेजल्या कपाळावरचे केस बाजूला केले, जसे शाळेत जाताना करायची, आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "आता विचारू?"

मी म्हटलं, विचार.

"तिथं आत काय काय असते?"

वर्षभर जपून ठेवलेला तो एवढाच प्रश्न होता. मला तिला सगळं सांगायचं होतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं होतं. "ते सांगता येत नाही, आई," मी म्हटलं. "कधीच नाही. तुलासुद्धा नाही."

ज्या घरासाठी तिने एकटीने गाडी काढली होती, आणि वर्षभर तोंड शिवून घेतलं होतं, त्या घरात आता मी होते आणि ती बाहेर होती. तिला ते कळलं, मला दिसलं की कळलं. मला वाटलं ती रडेल, आणि तिने रडू नये म्हणून मी तिचा हात धरला.

"नको सांगू मग," आई म्हणाली. "मी तरी तुला कुठं सगळं सांगितलं?"